पाहणे आणि ओळखणे

यंत्रमागांचा खडखडाट उधन्यात राहणाऱ्यांच्या कानांना इतका सरावाचा झाला आहे की, तो थांबला तरच जाणवतो. डोळ्यांचेही तसेच होते. म्हणूनच यान ब्रेमन व अरविंद दास यांचे लेखन आणि रवी अग्रवाल यांची छायाचित्रे असलेले ‘डाउन अँड आउट’ (२०००) हे इंग्रजी पुस्तक आपण सुरतकर मराठी मंडळींनी आवर्जून पाहावे असे वाटते. ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६२ पासून दक्षिण गुजरातेतील मजुरांचा अभ्यास करीत आले. अग्रवाल हे दिल्लीचे. आपल्या दारातले कष्ट बाहेरच्यांनी टिपावेत, याचा थोडा संकोच आपल्याला वाटायला हवा.

ही छायाचित्रे २००२ मध्ये जर्मनीतील कासेल येथील ‘डोक्युमेंटा’ या जागतिक कलाप्रदर्शनात मांडली गेली. तेथील प्रेक्षकासाठी छायाचित्राने दूरचे जवळ आणले. आपल्यासाठी त्याचे कार्य नेमके उलट आहे: अतिपरिचयाने दिसेनासे झालेले जरा दूर धरून दाखविणे.

तथापि छायाचित्राची मर्यादाही येथेच कळते. ऊस तोडणाऱ्याची वाकलेली पाठ चित्रात दिसते. पण पाठीवरची उचल दिसत नाही. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या तोडकऱ्यांवर ब्रेमन यांनी १९७८ मध्येच लिहिले होते. मुकादमाकडून उचल घेऊन आलेले नवरा-बायको मिळून तेथे एक ‘कोयता’ मोजले जातात. माणसाची गणती हत्याराच्या नावाने होते, हे कोणताही कॅमेरा सांगू शकत नाही. त्यासाठी शब्दच हवेत. शब्दांवाचून चित्र बहुधा कीव जागवते, आणि कीव करणारा स्वतःला नकळत उंचावर ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. राबणारा माणूस म्हणजे संपूर्ण माणूस नव्हे. आपल्या जुन्या ट्रंकांत वाडवडिलांची स्टुडिओत काढलेली छायाचित्रे असतात: इस्त्रीचा सदरा, नीट बसविलेली टोपी, गावी पाठविण्यासाठी धारण केलेला रुबाब. तेथे आपण कसे दिसावे हे त्यांनी स्वतः ठरविले होते. कष्टकऱ्याचे छायाचित्र घेणारा हा निर्णय त्याच्या वतीने घेतो. कष्टांची साक्ष आणि स्वाभिमानाची प्रतिमा, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ओळख पुरी होत नाही.

उधना-जळगाव लोहमार्गाने आलेला खानदेशी तोडकरी आपल्याला चटकन ओळखू येतो. त्याची बोली आपली असते. कसोटी लागते ती ओडिशातील गंजाम जिल्ह्यातून आलेल्या माग चालविणाऱ्यापाशी. तो आपल्याच गल्लीत भाड्याने राहतो, पण त्याचे गाव कोणते हे आपण कधी विचारतो का? एके काळी याच शहरात आपल्या आज्यालाही कुणी ते विचारावेसे वाटले असेल. पुस्तक मिटताना हा प्रश्न मनात उरला, तर या छायाचित्रांचे सार्थक झाले असे म्हणता येईल.