‘वापर’ म्हणजे काय? इंटरनेटच्या राष्ट्रीय पाहण्यांविषयी

आजचा विषय आकड्यांचा आहे आणि मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. तेव्हा सभागृहात कुणी संख्याशास्त्राचे असतील तर त्यांनी मला जरा सांभाळून घ्यावं. त्यांच्या गणिताला मी हात लावणार नाही. ते गणित पुष्कळ चांगलं आहे, ज्यांना ते येत नाही तेच त्याची टिंगल करतात. माझं भांडण आहे ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे ‘वापर’.

देशात किती लोक इंटरनेट वापरतात? प्रश्न साधा वाटतो. उत्तरं बघा. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७५वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झाली. देशातल्या २३.८ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आहे असं तिच्यात आढळलं. ग्रामीण भागात १४.९ टक्के, शहरांत ४२. पुढे २०१९ ते २०२१ मध्ये पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. आपल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था तिचं काम बघते. कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया तिच्यात ३३.३ टक्के निघाल्या आणि पुरुष ५७.१ टक्के. त्याच सुमाराला, म्हणजे मार्च २०२० अखेर, दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला आपण ट्राय म्हणतो, ते सांगत होतं की देशात इंटरनेटचे ग्राहक ७४ कोटींहून जास्त आहेत. आणि जानेवारी ते मार्च २०२५ या तीन महिन्यांत नमुना पाहणीनं दूरसंचारावर जी खास पाहणी केली तिचा आकडा आहे ८६.३ टक्के कुटुंबं.

यातला एकही आकडा खोटा नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. वर्षं वेगळी आहेत हेही खरं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि त्यानंतरची वाढ खरीच आहे, ती कुणी नाकारू नये. पण वर्षांचा फरक बाजूला ठेवला तरी एक फरक उरतो, आणि तो जास्त मूलभूत आहे. नमुना पाहणी घर मोजते. कुटुंब आरोग्य पाहणी माणूस मोजते. ट्राय जोडणी मोजतं. खिशात दोन सिमकार्डं असलेला माणूस तिथे दोन होतो. आणि वर्तमानपत्रात मथळा येताना तिन्हींचं एकच वाक्य होतं: ‘भारतात अमुक इतके लोक ऑनलाइन’. गिल्बर्ट राइल नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ साली अशा घोटाळ्याला कोटिदोष म्हटलं. पाहुण्याला सगळी कॉलेजं, ग्रंथालय, मैदानं दाखवून झाली की तो विचारतो, हे सगळं पाहिलं, पण विद्यापीठ कुठाय? एका जातीची वस्तू दुसऱ्या जातीच्या खात्यात टाकली की असं होतं. पाच माणसांचं घर, त्यात एक फोन, तो कर्त्या मुलाकडे, आणि मुलगा दिवसभर कामावर. घर ऑनलाइन आहे. जोडणी आहे. आता त्या घरातल्या आजीला आपण कुठल्या खात्यात टाकणार?

आपल्या न्यायशास्त्राकडे यासाठी चांगली हत्यारं आहेत, आणि ती नुसती परीक्षेपुरती पाठ करून सोडून देण्यासारखी नाहीत. लक्षणाचे तीन दोष सांगितलेत: अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ‘गाय म्हणजे कपिल रंगाची’ म्हटलं तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘गाय म्हणजे शिंगं असलेली’ म्हटलं तर म्हैस आत येते, ही अतिव्याप्ती. ‘गाय म्हणजे अखंड खुराची’ म्हटलं तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. आता ‘इंटरनेट वापरणारा’ याचं लक्षण तपासा. ‘कधीतरी वापरलेला’ हे लक्षण घेतलं, तर भाच्याच्या फोनवर एकदा कीर्तन पाहिलेली बाई आणि दिवसाचे आठ तास संगणकावर पोट भरणारी तिची भाची, दोघी एकाच रकान्यात. अतिव्याप्ती. उद्योगांची जी संघटना आहे, आयएएमएआय, तिच्या कांटारबरोबरच्या अहवालात ‘सक्रिय वापरकर्ता’ म्हणजे महिन्यातून किमान एकदा वापरणारा; २०२४ साठी त्यांचा आकडा ८८.६ कोटी होता. त्यांचा हेतू बाजारपेठ मोजायचा आहे आणि त्या हेतूला हे लक्षण चालतं. दुकानाच्या दारात महिन्यातून एकदा डोकावणारासुद्धा गिऱ्हाईक असू शकतो. पण तोच आकडा उचलून ‘आता सगळं ऑनलाइन करायला हरकत नाही’ असं कुणी म्हणायला लागलं, की मला उठून उभं राहावंसं वाटतं.

अव्याप्तीचा प्रकार याहून गमतीचा आहे. २०१५ साली क्वार्ट्झ या वृत्तसंस्थेनं इंडोनेशिया आणि नायजेरियात पाहणी करवून घेतली. फेसबुक वापरतो म्हणणाऱ्यांपैकी इंडोनेशियात ११ टक्के आणि नायजेरियात ९ टक्के लोकांनी सांगितलं की आम्ही इंटरनेट वापरत नाही. कोलंबोच्या लर्नएशिया या संस्थेच्या अभ्यासकांना हीच गोष्ट त्याआधी इंडोनेशियातच दिसली होती. (हशा) हसू नका, ते लोक मूर्ख नव्हते. आपण तरी काय बोलतो? ‘नेट संपलं’, ‘नेट स्लो आहे’, ‘नेटपॅक मारला’. आपल्या बोलीत नेट ही भरायची आणि संपायची वस्तू आहे, गॅसच्या टाकीसारखी. व्हॉट्सॲप हे व्हॉट्सॲप असतं, यूट्यूब हे यूट्यूब असतं. जिचा रिचार्ज मुलगा करतो त्या बाईला ‘नेट वापरता का?’ विचारलं तर ती प्रामाणिकपणे म्हणेल, ‘नाही बाई, ते सगळं तोच बघतो.’ आणि दिवसातून दोन तास ती रेसिपी बघत असेल. पाहणी करणाऱ्या मुलीनं तिच्या यंत्रात ‘नाही’वर खूण केली. दोघीही खरं बोलल्या, खरं लिहिलं, आणि देशाच्या आकड्यात एक चूक गेली.

न्यायात शब्द हे प्रमाण मानलंय, पण कोणाचा शब्द? आप्ताचा. आप्त म्हणजे ज्याला वस्तू यथार्थ ठाऊक आहे आणि जो ती तशी सांगतो. या दुसऱ्या अटीबद्दलही बोललं पाहिजे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५३.९ टक्के निघाल्या. महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के, पुरुष ६१.५. शेजारच्या गोव्यात स्त्रिया ७३.७, पुरुष ८२.९. ही दरी खरी आहे याबद्दल मला शंका नाही. ती नेमकी केवढी, इथे मात्र मी थांबतो. त्याच पाहणीत कौटुंबिक हिंसेचे प्रश्न विचारताना नियम फार कडक आहे: घरातल्या एकाच स्त्रीला विचारायचं, पूर्ण एकांत मिळाला तरच विचारायचं, नाही मिळाला तर तो भाग सोडून द्यायचा. योग्यच आहे. फोनच्या प्रश्नाला इतकी कडक अट नाही, कारण फोन ही घरातल्या टीव्ही-फ्रिजच्या ओळीतली निरुपद्रवी गोष्ट समजली जाते. पण सून फोनवर काय बघते, कुणाशी बोलते, यावरून किती घरांत भांडणं होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सासूबाई शेजारी भाजी निवडत बसलेल्या असताना ‘तुम्ही इंटरनेट वापरता का?’ या प्रश्नाचं उत्तर फक्त माहितीचं उत्तर राहत नाही.

या वर्गवारीत कुठेच न बसणारा एक मोठा समाज आहे, त्याच्याकडे मला तुमचं लक्ष वेधायचंय. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. नारीशक्ती दूत नावाचं ॲप होतं. किती बायकांनी स्वतःच्या बोटांनी तो अर्ज भरला? अंगणवाडी सेविकेनं भरला, सेतूतल्या मुलानं भरला, पुतण्यानं भरला. सातबारा काढायचा तर तेच, पीएम किसानची केवायसी करायची तर तेच. या बाईच्या आयुष्यात इंटरनेट आहे की नाही? तिचं आधार, बँक खातं, हप्ता, सगळं इंटरनेटवर आहे. ती तिथे नाही. इंटरनेट तिला वापरतं म्हणा हवं तर. व्याकरणात कर्ता आणि कर्म असा भेद आपण शाळेत शिकतो. पाहण्यांच्या प्रश्नावलीत कर्त्यालाच जागा आहे. ओटीपी दुसऱ्याच्या फोनवर येतो, म्हणजे तिच्या पैशाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. हे ‘वापर’ या एका रकान्यात कसं मावणार?

हा नुसता शब्दच्छल नाही हे २०२१ मध्ये दिसलं. १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस द्यायची ठरली, आणि त्यासाठी कोविन पोर्टलवर आगाऊ नोंदणी सक्तीची केली. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवर नोंदणीची मुभा दिली गेली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात जो आदेश दिला, त्यात या डिजिटल दरीवर सरकारला प्रश्न विचारले, आणि आधार कशाचा घेतला? त्याच ७५व्या फेरीचा. पंधरा टक्के ग्रामीण कुटुंबं, बेचाळीस टक्के शहरी. तीन वर्षं जुन्या, शिक्षणाच्या निमित्तानं केलेल्या पाहणीतला तो आकडा माणसाच्या दंडात सुई जाते की नाही या वादात उपयोगी पडला. म्हणून म्हणतो, पाहण्या नकोत असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मला बसवू नका.

पण आता गंमत बघा. पुढच्या वेळी असा वाद उभा राहिला तर सरकारी वकिलाच्या हातात कुठला आकडा असेल? ८६.३. कुटुंबांचा. मग म्हणतील, आता कसली दरी? खिडक्या कशाला ठेवायच्या, कागदी अर्ज कशाला घ्यायचे? याला उत्तर त्याच राष्ट्रीय नमुना पाहणीत आहे, फक्त वेगळ्या अहवालात. २०२२-२३ च्या पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलामुलींना प्रत्यक्ष कौशल्यं विचारली. फाइल जोडून संदेश पाठवता येणारे ७८.४ टक्के. माहिती शोधणं, ईमेल करणं आणि ऑनलाइन बँक व्यवहार या तिन्ही गोष्टी येणारे २६.८ टक्के. ही तरुण मुलं आहेत, फोन हातात घेऊन वाढलेली. अर्थात इथेही माझी कुरकुर आहेच: पंधरा वर्षांच्या पोराला ऑनलाइन बँकेत काम काय? तीन अटी ‘आणि’नं जोडल्या की सर्वांत अवघड अट सगळ्या वाक्याचं भवितव्य ठरवते. तिन्ही आकडे मथळ्यात वेगळे द्यायला हवे होते. तरीही काय करता येतं, हे विचारणारा प्रश्न घरात सोय आहे का या प्रश्नापेक्षा किती तरी अधिक सांगतो.

तर मग काय विचारावं? संख्याशास्त्रज्ञांना मी नम्रपणे सुचवेन की ‘इंटरनेट’ हा शब्दच पहिल्या प्रश्नात नको. व्हॉट्सॲप, यूट्यूब, पैसे पाठवणं, अर्ज भरणं, अशी कामं एकेक करून विचारा, बेरीज तुम्ही करा. मागचं सरकारी काम कुणी करून दिलं आणि त्याचे किती पैसे घेतले, हे विचारा. सेतूत वीस-पन्नास रुपये मोजणाऱ्या माणसाला ते चोख आठवतं. ओटीपी कुणाच्या फोनवर येतो, हे विचारा. हा एक प्रश्न बाकीच्या दहांना भारी पडेल असं मला वाटतं. आणि स्त्रियांना फोनबद्दल विचारताना सासूबाईंना भाजी घेऊन आत जायला सांगा. प्रश्नावली लांबते, पैसे लागतात, पाहणी करणाऱ्या मुली थकतात, हे सगळं मला मान्य आहे. त्यांना मिळणारा मेहनताना हा आणखी एक विषय आहे, तो आज काढत नाही.

एवढंच मांडायचं होतं. पाणी पितो, मग प्रश्न घेऊ. तिकडे मागच्या रांगेतल्या बाईंचा हात मघापासून वर आहे, त्यांच्यापासून सुरुवात करू.