वर्गातील ‘आपण’

मराठी भाषेत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत : ‘आम्ही’ आणि ‘आपण’. पहिल्यात ऐकणारा वगळलेला असतो, दुसऱ्यात तो सामावलेला असतो. अध्यापकाच्या मुखी स्वभावतः दुसरेच रूप येते. ‘आपण मागील तासाला पाहिले’, ‘आपल्या संतांनी’, ‘आपल्याकडे’ असे म्हणत तो पाठ पुढे नेतो. हे सर्वनाम इतके अंगवळणी पडलेले असते, की समोरच्या बाकांवरील नेमके कोण त्याच्या कक्षेत येतात, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही. वर्गातील पूर्वग्रहाची चर्चा बहुधा उघड अपमानाच्या प्रसंगांभोवती फिरते. ते प्रसंग खरेच आहेत. परंतु दलित आत्मकथने बारकाईने वाचली असता असे दिसते, की अपमानाहूनही अधिक काळ टिकणारी इजा या निरुपद्रवी भासणाऱ्या ‘आपण’ने केलेली आहे.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनात शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. सवर्ण मुलांची पंगत एकीकडे, महारांच्या मुलांची दुसरीकडे. सवर्ण मुलांचे उरलेले अन्न शेवटी या मुलांच्या वाट्यास येते. आणि त्यातले थोडे आपल्यासाठी का आणले नाही, अशी खंत घरी आई करते. सहलीनंतर गुरुजी निबंध लिहावयास सांगतात. विषय अर्थातच सहल. काय लिहावे, कोठून आरंभ करावा, हे मुलाला उमगत नाही. समीक्षकांचे लक्ष उष्ट्या अन्नाकडे जावे हे साहजिक आहे. पण प्रसंगाची खरी धार निबंधाच्या विषयात आहे. त्यात जातीचा उल्लेख कोठेही नाही. तो सर्व मुलांना सारखाच दिलेला आहे, आणि नेमका म्हणूनच तो अन्यायकारक ठरतो. सहलीवरील शालेय निबंधाचा एक ठरीव साचा असतो : पहाटेची लगबग, रम्य वनश्री, सहभोजन, आनंदाने परतणे. या मुलाजवळ अनुभव नाही असे नाही. वर्गातील इतर कोणाजवळ नसेल असा अनुभव त्याच्यापाशी आहे. तो मावेल असा साचा मात्र वर्गापाशी नाही. कोरी वही पाहणाऱ्याला ते मुलाचे अज्ञान वाटते. ‘अक्करमाशी’ हे पुस्तक एका अर्थी त्याच निबंधाचे उशिरा आलेले उत्तर होय.

आज ‘बलुतं’ (१९७८), ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), ‘उपरा’ (१९८०) ही पुस्तके अभ्यासक्रमांतून वाचली जातात. त्यामुळे प्रश्न मिटला असे मानण्याकडे कल दिसतो. वस्तुतः तो पाठ्यपुस्तकाच्या निवडीवरून भाष्याकडे सरकला आहे. या पुस्तकांच्या अध्यापनात ‘येसकर’, ‘तराळ’, ‘बलुतं’ हे शब्द थांबून समजावले जातात. त्याच वर्गात, दुसऱ्या तासाला, एखाद्या ललितलेखातील ‘सोवळे’, ‘मौंज’ वा ‘आपोशन’ हे शब्द न थांबता ओलांडले जातात. कोणत्या शब्दाला अर्थ लागतो आणि कोणत्याला लागत नाही, यावरून शिकविणाऱ्याने मनोमन कोणता विद्यार्थी समोर बसविला आहे, ते कळते. हा दोष कोशाचा किंवा सूचीचा नव्हे, सूची हवीच. ती दोन्ही बाजूंनी हवी, एवढेच.

‘जोहार’ या एकाच शब्दाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. छत्रपती संभाजीनगरपासून पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या पैठणच्या एकनाथांनी महाराच्या मुखाने बोलणारी जोहाराची भारुडे रचली. त्यांचे विवरण करताना वर्ग रूपकाकडे वळतो : देह हे गाव, जीव हा त्याचा रहिवासी, हिशेब परमार्थाचा. तोच शब्द आत्मकथनात आला, की त्याचे विवरण समाजशास्त्राकडे जाते : महाराने वरिष्ठांना करावयाचे वंदन, एक प्रथा. पहिल्या ठिकाणी प्रथा दिसेनाशी होते, दुसऱ्या ठिकाणी शैली दिसेनाशी होते. एकनाथांचे रूपक उभे राहते ते प्रत्यक्ष गावगाड्याच्या पायावर. आणि दया पवारांनी दगडू पवार व दया पवार अशा एकाच व्यक्तीच्या दोन रूपांना समोरासमोर बसवून निवेदन घडविले, ही केवळ समाजस्थितीची नोंद नव्हे, ती रचना आहे. एकाला कलावंत आणि दुसऱ्याला साक्षीदार ठरविणारे हे भाष्य पक्षपाती आहे. मग ते कितीही सहानुभूतीने केलेले असो.

सहानुभूतीचा हा मुद्दा अधिक अवघड आहे. सद्‌हेतूने वागणारा अध्यापक पुष्कळदा त्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याकडे वळून, ‘तुमच्याकडे हे कसे असते?’ असे विचारतो. ‘आपण’ हे सर्वनाम तेथे एकाएकी ‘तुम्ही’ होते. वाचक म्हणून आलेला विद्यार्थी पुराव्याच्या पिंजऱ्यात उभा राहतो. शिवाय शहरात वाढलेल्या त्या मुलाला तराळकी ठाऊक असेलच असे नाही. ती त्याच्या शेजारच्या सवर्ण शेतकऱ्याच्या मुलाला अधिक ठाऊक असणे शक्य आहे.

या शहराला तरी हे सर्व नवीन वाटू नये. निजामी राजवटीत, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. तेव्हा मराठवाड्यातील मराठी भाषक विद्यार्थी वर्गाच्या ‘आपण’बाहेर बसत असे, आणि त्याविषयीची तक्रार रास्त होती. १९४८ च्या सप्टेंबरात ती राजवट संपली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्यांनी परक्या ‘आपण’चा जाच सोसला होता, त्यांच्याच भाषेला आता ते सर्वनाम मिळाले. सिराज औरंगाबादी हा याच नगरीचा कवी. परंतु मराठीच्या तासाला ‘आपल्या नगरीचा कवी’ म्हणून तो किती वेळा आठवला जातो, हे अध्यापकांनी स्वतःशीच तपासावे. विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, तेव्हा या प्रदेशात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नामविस्तार १९९४ पर्यंत लांबला. त्या वादात असलेला प्रश्नही, विद्यापीठ ‘आपले’ म्हणजे कोणाचे, हाच होता.

डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने या शहरात १९५० साली महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंदाचे नाव मिळाले. ज्या परिसरात ते उभे आहे, तो नागसेनवन म्हणून ओळखला जातो. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला वादाचे आव्हान देतो, तेव्हा नागसेन आधी एक अट घालतो. पंडितांच्या वादात एकजण दुसऱ्याला पेचात पकडतो, चूक दाखवितो, ती कबूलही होते, आणि कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत मांडतात आणि ते न मानणाऱ्याला दंड करतात. वाद पंडिताप्रमाणे करावयाचा असेल तर नागसेनाची तयारी आहे, राजाप्रमाणे असेल तर नाही. मिलिंद ही अट मान्य करतो, आणि मगच त्यांचा संवाद पुढे चालू होतो.