फारसी हस्तलिखितांतील युद्धचित्रे : अलंकरण आणि शोक

प्रास्ताविक :
फिरदौसीने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शाहनामा’ या महाकाव्याने इराणमधील चित्रकारांना कित्येक शतके युद्धाचे विषय पुरविले. या चित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सोनेरी आकाश, घोड्यांच्या नक्षीदार झुली आणि फुललेली झुडपे यांत मृत्यूची भीषणता लोप पावते व युद्ध केवळ शोभेचे दृश्य ठरते, असा तो आक्षेप होय. प्रस्तुत लेखात त्याची तपासणी केली आहे.

विवेचन :
हा आक्षेप सर्व काळास सारखा लागू पडत नाही. चौदाव्या शतकातील मंगोलकालीन बृहद् शाहनाम्यात सिकंदर आणि हिंदचा राजा फूर (पोरस) यांच्या युद्धाचे चित्र आहे. चाकांवरील लोखंडी घोड्यांच्या नाकातोंडातून ज्वाळा उसळतात. अलंकरण येथेही आहे. परंतु ते भीतीला झाकत नाही, तिला धार आणते.

सोळाव्या शतकातील शाह तहमास्पच्या शाहनाम्यात मात्र दृष्टी पालटलेली दिसते. क्षितिज उंच जाते, प्रकाश सर्वत्र सारखा पसरतो, सावली नसते. टेकडीमागून स्वार आणि निशाणे डोकावतात. मारणारा व मरणारा यांचे चेहरे बहुधा एकाच साच्याचे असतात. आक्षेपाचे खरे बळ येथेच आहे.

तथापि ही चित्रे स्वतंत्रपणे पाहण्यासाठी काढलेली नव्हती. चित्रचौकटीतच काव्याच्या ओळी असत. नकळत पुत्र सोहराबचा वध करणाऱ्या रुस्तमचा विलाप आणि जगाच्या नश्वरतेवरील फिरदौसीचे चिंतन वाचकाच्या मनात चालू असताना तो चित्र पाही. चेहऱ्याने न सांगितलेला शोक शब्द सांगत असत.

हा संबंध विसाव्या शतकात तुटला. मंगोलकालीन प्रत जॉर्ज दमोत या व्यापाऱ्याने पाने सुटी करून विकली. ७५९ पाने व २५८ चित्रे असलेली तहमास्पची प्रत आर्थर हॉटन यांनी १९५९ मध्ये विकत घेतली व पुढे तीही विखुरली. ७८ चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास मिळाली. उरलेली ११८ चित्रे १९९४ मध्ये विलेम डी कूनिंग यांच्या एका चित्राच्या मोबदल्यात इराणला परत गेली. भिंतीवर टांगलेल्या सुट्या पानाजवळ पुढची-मागची कथा नसते. फारसी न जाणणाऱ्या प्रेक्षकास ओळीही नक्षीच वाटतात.

निष्कर्ष :
सारांश, तहमास्पकालीन चित्रकाराने युद्धाला सौंदर्याची चौकट दिली, हे मान्य करावे लागते. परंतु त्याच्यावर असंवेदनशीलतेचा आरोप ठेवताना ग्रंथ फाडणाऱ्या हातांचा वाटाही मोजला पाहिजे. युद्धचित्राची समीक्षा पानापासून नव्हे, ग्रंथापासून सुरू व्हावी.