मुरलीकांत पेटकर: रिंगमधून पाण्यात

माढ्यात बॉक्सिंगवर बोलायचं म्हणजे कुस्तीच्या मुलखात परका खेळ आणणं. पण ज्यांच्याबद्दल आम्ही बोलतोय ते शेजारच्याच सांगली जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे. सैन्यात ते बॉक्सर झाले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, सुवर्णपदक!

कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कार्तिक आर्यननं मेहनत घेतलीय, त्यात वाद नाही. आमची तक्रार वेगळी आहे. सिनेमाला पेटकर म्हणजे न वाकणारी जिद्द एवढंच दिसतं. रिंग असो की तलाव, चंदू तोच. वर्गात आम्ही मुलांना विचारायचो, शरीर बदललं तर माणूस तोच राहतो का? बॉक्सरचा ठोसा पायातून निघतो हो, नुसत्या हातातून नाही. म्हणजे पाय गेले तेव्हा कमावलेली सगळी विद्याच गेली. पाण्यात नव्यानं शिकायला लागणं ही खरी गोष्ट, आणि नेमकी तीच सिनेमा उरकतो.

म्हातारा नायक पोलिस ठाण्यात राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार द्यायला जातो, ती कल्पना मात्र झकास. आपण हसतो, मग हिशेब करतो. पदक १९७२ चं, पद्मश्री २०१८ ची. अर्जुन जीवनगौरव मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, सिनेमा येऊन गेल्यावर. तेव्हा पेटकर ऐंशी वर्षांचे होते.