अंडं फुटलं नाही, म्हणून काय सिद्ध झालं?

'अंडं वरून टाका, पण फुटू देऊ नका.' हा उपक्रम तुम्ही शाळेत नाहीतर कॉलेजच्या विज्ञान महोत्सवात एकदा तरी पाहिला असेल. कागद, स्ट्रॉ, चिकटपट्टी द्यायची, गटागटाने वेष्टन बनवायचं आणि गच्चीवरून सोडायचं. ज्यांचं अंडं वाचलं ते जिंकले. जव्हार तालुक्यातल्या एका शाळेत मीही हे घेतलंय, त्यामुळे पुढची टीका आधी माझ्यावर आहे.

उपक्रमामागचं भौतिकशास्त्र मात्र झकास आहे. 3 मीटरवरून पडलेलं अंडं जमिनीशी येतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला 7.7 मीटरच्या आसपास असतो. तो शून्यावर येणारच. प्रश्न एवढाच, की किती अंतरात? वेष्टन 3 मिलिमीटर दबलं तर 55 ग्रॅमच्या अंड्यावर सरासरी 540 न्यूटन बल येतं, म्हणजे 55 किलोचं ओझं. तेच 3 सेंटिमीटर दबलं तर साडेपाच किलो. थोडक्यात, किती माल भरला याला महत्त्व नाही, तो किती दबतो याला आहे. माझ्या वर्गातल्या एका गटाने भाताचा पेंढा इतका ठासून भरला की दबायला जागाच उरली नाही. पहिल्याच फेरीत अंडं गेलं. मी 'हरलात' म्हटलं आणि पुढच्या गटाकडे वळले. शिकवण्याची सगळ्यात चांगली संधी तिथेच घालवली.

बक्षीस ज्यांना दिलं त्यांचं खोकं मुलांनी मधल्या सुट्टीत पुन्हा टाकलं. फुटलं! मुलं माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

संशोधनाची तयारी करताय ना, मग हे नीट बघा. 'फुटलं / नाही फुटलं' या निकालात माहिती फार थोडी असते. समजा तीनपैकी तिन्ही अंडी वाचली. तरीही 95 टक्के विश्वासपातळीवर त्या वेष्टनाचा फुटण्याचा दर 63 टक्क्यांपर्यंत असू शकतो. तो 10 टक्क्यांखाली आहे असं म्हणायला ओळीने 29 अंडी वाचायला हवीत, म्हणजे जवळजवळ एक आख्खा ट्रे. आणि आपण एका अंड्यावर पहिला नंबर काढतो.

कमी अंड्यांत जास्त कळेल अशी पद्धत आहे. अंडं वाचलं की पुढचं नवं अंडं, नव्या वेष्टनात, एक पायरी वरून टाकायचं. फुटलं की पुढचं एक पायरी खालून. अशा चढउतारातून निम्मी अंडी फुटतील अशी उंची काढता येते. डिक्सन आणि मूड यांनी 1948 मध्ये याचं गणित मांडलं. शाळेला लागतो एक जिना आणि एक वही.

अंडं पिशवीत बांधूनच टाका, फुटलं तर भुर्जी होते. हे मी गमतीने म्हणत नाहीये. जव्हार-मोखाड्यात कुपोषण हा वर्तमानपत्रातला विषय नाही, घरातला आहे. अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या मुलांना अंडं मिळतं. तिथे वीस अंडी फोडून टाळ्या वाजवताना माझं मलाच कसंतरी झालं होतं.

आणि त्या अंगणवाडीपर्यंत अंडं कसं पोचतं? गच्चीवरून पडत तर नाही. ते ट्रेमध्ये, गाडीतून, घाटातल्या वळणांनी हादरत जातं. ट्रकचे पाटे साधारण सेकंदाला 2 ते 5 वेळा हलतात. 3 वेळा धरले तरी तासाभरात 10,800 हिसके बसतात. उंचावरून पडताना उपयोगी पडणारी मऊ गादी इथे उलटू शकते, कारण तिची लय गाडीच्या लयीशी जुळली तर ती हादरा आणखी वाढवते. पॅकेजिंगच्या व्यवसायात पडण्याची चाचणी वेगळी आणि कंपनांची वेगळी, ती याचसाठी. 1966 साली मुंबईत पॅकेजिंगसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था निघाली, इतका हा गंभीर विषय आहे. आपण त्यातली एकच चाचणी उचलली, तीही दिसायला मजेशीर म्हणून.

इथल्या वाडीतला मोगरा पहाटे तोडून दादरच्या बाजाराला जातो. त्याला पडण्याची भीती कमी, उष्णतेची आणि दाबाची जास्त. पुढच्या वेळी मी मुलांना आधी हेच विचारणार आहे: तुमच्या घरून बाजाराला जाताना काय खराब होतं, आणि रस्त्यात नेमकं कुठे? खोकं त्यानंतर.