सिस–ट्रान्स व ई–झेड : अल्कीनांच्या नामकरणाची आणि रेखाटनाची चिकित्सा (विशेष संदर्भ : वऱ्हाडातील कापूस)

अल्कीनांची भौमितिक समघटकता हा पदवी स्तरावरील सेंद्रिय रसायनशास्त्रातील हमखास विचारला जाणारा घटक आहे. त्याच्या मांडणीचा क्रमही ठरून गेलेला आहे. आधी द्विबंधाभोवती मुक्त परिभ्रमण होत नाही हे विधान, नंतर २-ब्यूटीनच्या दोन आकृत्या, मग मॅलेइक व फ्युमेरिक आम्ल, आणि शेवटी कान, इंगोल्ड व प्रेलॉग यांचे अग्रक्रमाचे नियम. हा क्रम अध्यापनास सोयीचा आहे यात वाद नाही. तथापि याच क्रमातून विद्यार्थ्याच्या मनात एक समज पक्का होतो, तो असा की झेड हे सिसचे नवे नाव आणि ई हे ट्रान्सचे. २-ब्यूटीन घ्यावे, तर सिस रूप झेड ठरते. मॅलेइक आम्ल घ्यावे, तरी तेच. उदाहरणेच अशी निवडलेली असतात की चुकीचा समज उघडा पडण्याची वेळ येत नाही.

वस्तुतः या दोन पद्धती दोन वेगळे प्रश्न विचारतात. व्हान्ट हॉफने १८७४ मध्ये द्विबंधयुक्त संयुगांच्या अवकाशीय रचनेचा विचार मांडला आणि विस्लिसेनसने १८८७ मध्ये तो मॅलेइक–फ्युमेरिक आम्लांसारख्या जोड्यांना लावून दाखविला. तेव्हापासून रूढ झालेली सिस–ट्रान्स ही भाषा समान गट, किंवा मुख्य साखळीचे दोन भाग, द्विबंधाच्या एकाच बाजूस आहेत की विरुद्ध बाजूंस, एवढेच सांगते. द्विबंधाच्या दोन्ही कार्बनांवर मिळून चार निरनिराळे गट आले की ही भाषा अडखळते, कारण ‘समान’ म्हणावे असे तेथे काहीच उरत नाही. या अडचणीवर १९६८ मध्ये केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्सशी संबंधित रसायनशास्त्रज्ञांनी ई–झेड पद्धती सुचविली. तिचा आधार कान, इंगोल्ड व प्रेलॉग यांनी १९५६ व १९६६ मध्ये मांडलेले अग्रक्रम-नियम हा होता. ‘एकत्र’ व ‘विरुद्ध’ अशा अर्थाच्या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरे होत. येथे साखळी कोठून जाते याला महत्त्व नाही. प्रत्येक कार्बनावरील अणुक्रमांकाने वरचढ गट कोणता, आणि असे दोन गट एका बाजूस आहेत काय, एवढाच प्रश्न आहे. आययूपीएसीच्या २०१३ च्या शिफारशींनी अधिकृत पसंतीच्या नावांसाठी ई–झेडचाच स्वीकार केला आहे.

दोन प्रश्नांची उत्तरे परस्परविरुद्ध येऊ शकतात याचे उदाहरण वऱ्हाडातील विद्यार्थ्याला दूर शोधावे लागत नाही. कपाशीवर वर्षानुवर्षे फवारले गेलेले मोनोक्रोटोफॉस हेच ते उदाहरण. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. त्यानंतर राज्य शासनाने ज्या कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरते निर्बंध आणले, त्यांत याचाही समावेश होता. पुढे २०२३ च्या केंद्रीय आदेशाने त्याचे ३६ टक्क्यांचे द्रावणही बंद करण्याचा निर्णय झाला. जुन्या संदर्भग्रंथांत हे संयुग सिस-क्रोटोनामाइडचा फॉस्फेट एस्टर म्हणून नोंदलेले आढळते, तर आजच्या पद्धतशीर नावात त्याच्या द्विबंधापुढे ई हे अक्षर असते. संयुग एकच, आकारही एकच. द्विबंधाच्या एका कार्बनावर मिथिल गट व फॉस्फेटचा ऑक्सिजन आहे, दुसऱ्यावर हायड्रोजन व अमाइडचा कार्बन. मुख्य साखळी मिथिलपासून अमाइडपर्यंत जाते आणि ते दोन्ही एका बाजूस आहेत, म्हणून सिस. परंतु अग्रक्रमात मिथिलपेक्षा ऑक्सिजन वरचढ आहे, आणि तो अमाइडच्या विरुद्ध बाजूस आहे, म्हणून ई. ज्या विद्यार्थ्याने ‘ई म्हणजे ट्रान्स’ असे पाठ केले आहे, तो या नावावरून नेमका उलटा रेणू काढील. क्रोटोनेट-फॉस्फेट वर्गातील कीटकनाशकांत दोन समघटकांची विषाक्तता सारखी नसते, हे ध्यानी घेता ही चूक केवळ एका गुणाची राहत नाही.

रेखाटनाची स्थिती नामकरणापेक्षाही उपेक्षित आहे. फळ्यावर द्विबंध आडवा काढून चार गट काटकोनात वरखाली लटकविण्याची रीत सर्रास दिसते. १२० अंशांच्या आसपासचा कोन त्यात हरवतो, तरी लहान रेणूत काम भागते. लांब साखळीचा रेणू आला की ही रीत निरुपयोगी ठरते. मग विद्यार्थी एका ओळीतील संक्षिप्त सूत्राचा आश्रय घेतो, आणि त्या सूत्रात आकाराची माहिती मुळीच नसते.

गुलाबी बोंडअळीचे कामगंध संयुग या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. कपाशीच्या शेतात, वऱ्हाडीत सांगायचे तर पऱ्हाटीत, लावलेल्या कामगंध सापळ्यातील गॉसिप्ल्युर म्हणजे ७,११-हेक्झाडेकाडायनिल अ‍ॅसिटेटच्या दोन समघटकांचे १:१ मिश्रण होय : एक (७झेड, ११झेड), दुसरा (७झेड, ११ई). नागमोडी रेषेने साखळी काढल्यास फरक क्षणात दिसतो. ई द्विबंधातून नागमोड सरळ पुढे जाते, झेडपाशी ती वळते. दोन्ही समघटकांत सातव्या कार्बनापाशी वळण आहेच. भेद एवढाच की अकराव्याच्या द्विबंधानंतर उरलेले चार कार्बन कोणत्या दिशेस जातात. एवढ्याशा भेदावर नर पतंगाचा प्रतिसाद अवलंबून असतो. यांतील (७झेड, ११ई) हा समघटक एकटा धान्यातील एका पतंगाचा, सिटोट्रोगाचा, कामगंध आहे. त्याच्या जोडीला (७झेड, ११झेड) समप्रमाणात आला की बोंडअळीचा पतंग येतो. अर्थात गॉसिप्ल्युर एका आकृतीत काढताच येत नाही. दोन आकृत्या व त्यांचे प्रमाण, असेच उत्तर द्यावे लागते. सलग तीन रात्री प्रति सापळा आठ पतंग आले की उपाययोजना करावी, हा शेतकऱ्यास दिला जाणारा सल्ला या दोन आकृत्यांच्या अचूकपणावर उभा आहे.

या संयुगाचा इतिहासही बोधप्रद आहे. १९६६ मध्ये बोंडअळीचा कामगंध म्हणून प्रोपिल्युर नावाची एक रचना प्रसिद्ध झाली, पण प्रयोगशाळेत बनविलेला तो पदार्थ पतंगांना आकर्षित करीना. खरी रचना १९७३ मध्ये हाती आली. प्रोपिल्युरचे नाव मात्र परीक्षकांनी जरूर पाहावे : १०-प्रोपिल-ट्रान्स-५,९-ट्रायडेकाडायनिल अ‍ॅसिटेट. द्विबंध दोन, आणि ट्रान्स हा शब्द एकदाच. दहाव्या कार्बनावर दोन्ही गट प्रोपिलच असल्याने त्या द्विबंधास समघटक संभवत नाहीत. समघटकतेची आवश्यक अट इतक्या नेमकेपणाने तपासणारे उदाहरण पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही.

नवख्या विद्यार्थ्यास सोपे उदाहरण हवे, हा आक्षेप रास्त आहे आणि प्रारंभ २-ब्यूटीननेच व्हावा. परंतु परीक्षेतील प्रश्नही तेथेच थांबतात, याचे समर्थन करणे कठीण आहे. कृषी महाविद्यालयाचा विद्यार्थी गॉसिप्ल्युरचे नाव कीटकशास्त्राच्या तासाला ऐकतो, तर विज्ञान महाविद्यालयातील विद्यार्थी २,४-हेक्झाडायीनचे तीन समघटक काढून डायीनांचा विषय संपवितो. त्या रेणूची दोन्ही टोके सारखी असल्याने झेड,ई व ई,झेड ही एकाच संयुगाची नावे ठरतात, आणि कोणत्याही डायीनास तीनच समघटक असतात असा आणखी एक गैरसमज रुजतो. गॉसिप्ल्युरच्या साखळीस एका टोकाला अ‍ॅसिटेट आहे. तेथे (७झेड, ११ई) व (७ई, ११झेड) हे दोन भिन्न रेणू आहेत, एकूण समघटक चार, आणि सापळ्यात त्यांपैकी दोनच जातात.