‘स्मृतिचित्रां’तील शांति

मनःशांति हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. तो पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर असतो, व्याख्यानांच्या जाहिरातींत असतो, आणि ती मिळविण्याचे सोपे मार्ग सांगणारे लोकहि पुष्कळ भेटतात. शब्द स्वस्त झाला म्हणजे त्यामागील वस्तु सुलभ झाली, असें मात्र होत नाहीं. संकटाच्या काळीं धर्मश्रद्धेनें मनाला शांति मिळते, असें आपण नेहमीं ऐकतों. परंतु ती मिळते म्हणजे नेमकें काय होतें, केव्हां होतें, आणि झालें हें दुसऱ्यानें कशावरून ओळखावें, हे प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. ख्रिस्ती श्रद्धेपुरतें तरी या प्रश्नांचें प्रामाणिक उत्तर आम्हांस एका मराठी आत्मचरित्रांत सांपडलें. तें आत्मचरित्र म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’.

पुस्तक नवें नाहीं आणि अपरिचितहि नाहीं. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं व चौथा १९३६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १९५० मध्यें जोझेफाइन इंकस्टर यांनीं आणि २०१७ मध्यें शांता गोखले यांनीं तें इंग्रजींत नेलें. त्यांतील विनोद, बोलकी भाषा आणि निर्भीड प्रांजळपणा यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. पण एक गोष्ट आमच्या मनांत बरेच दिवस सलत होती. या पुस्तकाचे दोन प्रकारचे वाचक आम्हीं पाहिले आहेत. पहिले आमच्यासारख्या सुशिक्षित हिंदु कुटुंबांतले. ते टिळकांचा लहरीपणा आणि त्यापायीं होणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या फजित्या चवीनें वाचतात, आणि प्रार्थना, बाप्तिस्मा वगैरे मजकूर आला कीं दोन पानें उलटतात. दुसरे वाचक भाविक. ते त्याच दोन पानांत खूण घालून ठेवतात, आणि विनोद हा लेखिकेच्या स्वभावाचा भाग म्हणून बाजूस सारतात. आम्हांस वाटतें, दोघेहि अर्धेंच पुस्तक वाचतात.

२०२० सालच्या साथींत, दारें लावून घरांत बसण्याचे दिवस होते तेव्हां, आम्हीं हें पुस्तक पुन्हां हातीं घेतलें. आरंभींच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमींत एका आप्ताला फांशी झाली, त्याचा धक्का बसून या गृहस्थांना सोवळ्याचें वेड लागलें. बाजारांतून आलेली वस्तु धुतल्याखेरीज घरांत यावयाची नाहीं, विटाळाची धास्ती अष्टौप्रहर, आणि या व्यवस्थेंत बायकामुलांचे हाल कुत्राहि खाईना. पूर्वी या भागावर आम्ही मनसोक्त हंसलों होतों. या वेळीं हंसूं आलें नाहीं. कारण त्याच सकाळीं आमच्या घरीं भाजी, दुधाच्या पिशव्या, इतकेंच काय पण सुटीं नाणींहि धुवून झालीं होतीं. आमचें धुणें वैद्यांच्या सल्ल्यानें चाललें होतें आणि त्यांचें तसें नव्हतें, हा फरक आहेच. पण धुतल्यानंतरहि मनाला ‘झालें’ असें वाटत नाहीं, हा अनुभव दोन्हीकडे सारखा. सोवळें हें भीतीचें बाह्य रूप आहे, आणि या पुस्तकांत धर्मांतराइतकाच मोठा विषय भीति हा आहे, हें तेव्हां आमच्या प्रथम ध्यानांत आलें.

ख्रिस्ती अनुभवाचें आत्मनिवेदन आपल्या लोकांनीं लक्ष्मीबाईंच्या आधींहि केलें होतें. बाबा पदमनजी १८५४ सालीं बेळगांवीं ख्रिस्ती झाले. त्यांचें ‘अरुणोदय’ वाचतांना आपण एका दीर्घ वादविवादाला साक्षी आहों, असें वाटतें. मुंबईची परमहंस सभा, वाचन, मित्रांशीं चर्चा, घरच्यांचा विरोध, अशा पायऱ्या चढत लेखक निर्णयाप्रत पोंचतो. तेथील शांति गणित सुटल्यावर होणाऱ्या समाधानासारखी आहे: शंका फिटली, मन स्वस्थ झालें. त्या ग्रंथाचा मोठेपणा आम्ही नाकारीत नाहीं. पण बुद्धीची शंका फिटली म्हणजे काळजाचें दुखणेंहि थांबतें, असा अनुभव सर्वांचा नसतो.

पंडिता रमाबाईंनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षींत हीच गोष्ट धैर्यानें सांगितली आहे. दुष्काळांत आईबाप व बहीण गेलीं, मग भाऊ गेला, १८८२ मध्यें पति गेले. १८८३ मध्यें इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. इतकें झाल्यावर आपणांस शांति लाभली, असें त्या म्हणत नाहींत. ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळावयाचा राहिला होता, हें उमगण्यास आपणांस आठ वर्षें लागलीं, असें त्या कबूल करतात. धर्मांतराचा दिवस आणि शांतीचा दिवस यांत इतकें अंतर असूं शकतें, ही कबुली एखाद्या प्रचारकाला परवडली नसती. आणि शांति मिळाल्यावर रमाबाई स्वस्थ बसल्या असेंहि नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून अनाथ मुली व बायका आणून त्यांनीं केडगांवचें मुक्तिसदन उभें केलें.

लक्ष्मीबाईंची कथा या दोहोंहून निराळी आहे. कारण त्या धर्म शोधावयास निघाल्याच नव्हत्या. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन सहप्रवाशानें ‘नवा करार’ दिला, आणि पुढें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर ही बातमी एखाद्या मृत्यूच्या बातमीसारखी कोसळली. नवरा जिवंत, पण संसार संपलेला. पदरीं लहान मुलगा. आणि भोंवतीं कींव करणाऱ्यांची गर्दी. वियोगाचीं कांहीं वर्षें अशीं काढल्यावर त्या पतीजवळ नगरास राहावयास गेल्या, त्या श्रद्धेच्या ओढीनें नव्हे तर पतीच्या ओढीनें. गेल्यावरहि आपली चूल, आपलें पाणी व आपलें सोवळें त्यांनीं वेगळेंच ठेविलें.

पुढें कलाटणी मिळते ती अगदीं साध्या रीतीनें. जाति देवानें केल्या कीं माणसानें, हा प्रश्न एकदां त्यांच्या मनांत उभा राहतो. माणसानेंच केल्या, अशी खात्री पटतांच आजपासून कोणाच्याहि हातचें खावयाचें-प्यावयाचें, असा त्या निश्चय करतात. त्यांच्याशीं वाद घालावयास तेथें कोणी उपदेशक नसतो. बापाच्या घरीं ज्या भीतीचें बाळकडू मिळालें, ती अशी एका बैठकींत गळून पडते. बाप्तिस्मा होतो तो नंतर, १९०० सालीं. आमच्या मतें पुस्तकाचें केंद्र या निश्चयांत आहे. बाप्तिस्मा ही त्याची पूर्तता होय. देव सर्वांचा बाप असेल, तर त्याच्या लेंकरांना भिण्याचें कारण उरत नाहीं, इतकी साधी त्यांची श्रद्धा दिसते. भीति गेल्यावर दार उघडें राहतें, आणि दुष्काळाच्या व प्लेगच्या त्या काळांत टिळकांच्या घरांत पोरकीं मुलें येऊन राहूं लागतात.

यानंतर लक्ष्मीबाईंचीं संकटें कमी झालीं, असें मात्र वाचकानें समजूं नये. टिळकांचा रागीट स्वभाव तोच, सढळ हात तोच, आणि घरांत ओढगस्तहि तीच. १९१७ मध्यें नगरचें स्थिर जीवन सोडून टिळकांनीं संन्यस्त वृत्तीनें ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजीं ते वारले. मग मुंबईस मुलींच्या वसतिगृहाची देखरेख, मग मुलाबरोबर कराची. ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे दहा-अकरा अध्याय टिळकांच्या हातून झाले होते. उरलेले साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनीं वैधव्यांत रचले. आणि या बाईंना वाचनाची गोडी लागली होती ती लग्नानंतर, पतीच्या शिकवणीनें. खऱ्या शांतीचें हें एक लक्षण आम्ही मानतों: ती हातांना काम देते.

दुसरें लक्षण त्यांचा विनोद. येथें आक्षेपक म्हणेल कीं, विनोद हा उपजत स्वभाव. त्याचें श्रेय श्रद्धेला कां द्यावें? आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. १८९५ मध्यें जी तरुण स्त्री रडून व्याकुळ झाली, तीच उतारवयांत त्या रडण्याकडे पाहून हें पुस्तक सांगते. दोघींमधील अंतर स्वभावानें पडलेलें नाहीं. स्वभाव तर दोघींचा एकच होता. शिवाय विनोदाचे दोन प्रकार असतात. एक डंख मारतो, दुसरा क्षमा करतो. ज्या वडिलांनीं बाळपण करपविलें, ज्या सासऱ्यांनीं छळ केला, ज्या पतीनें न सांगतां संसार मोडला, त्यांतील एकाचेंहि दूषण त्यांनीं झांकून ठेविलेलें नाहीं. आणि तरीहि एकाचाहि द्वेष पुस्तकांत नाहीं. सर्वांत अधिक हंसूं त्यांनीं स्वतःचेंच करून घेतलें आहे. एखाद्या प्रसंगीं असें करणें चांगल्या स्वभावाला साधेल. शेंकडों पानें हा तोल टिकतो, तेव्हां त्यामागें स्वभावाहून खोल असें कांहीं असलें पाहिजे.

टिळकांच्या भजनांतील शांति वेगळ्या जातीची आहे. तुकोबांच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’त भक्ताची तळमळ आणि भेटीचा आनंद दोन्ही उत्कट आहेत. पण आनंदामागून पुन्हां तळमळ येते. तिला आम्ही ओढ म्हणूं. त्या ओढीनें कवीला घराबाहेर काढलें. लक्ष्मीबाईंच्या शांतीनें तेंच घर उघडें ठेविलें.

पुस्तकांत उणीव नाहीं असें नाहीं. स्वतःच्या प्रार्थनेविषयीं व बाप्तिस्म्यानंतर आलेल्या शंकांविषयीं लक्ष्मीबाई फार थोडें बोलतात. श्रद्धेचा आंतला इतिहास ज्यास हवा असेल, त्यास रमाबाईंकडेच जावें लागेल. चौथ्या भागाचा उत्तरार्ध लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर चिरंजीव देवदत्त टिळक यांच्या हातून पुरा झाल्यामुळें तेथें आवाज बदलतो, हेंहि कानाला जाणवतें.

आम्ही ख्रिस्ती नाहीं, आणि हा लेख वाचून कोणीं धर्म बदलावा अशी आमची अपेक्षाहि नाहीं. पण टीकाकारानेंहि एक हिशेब द्यावयाचा असतो, तो देऊन थांबतों. साथीच्या दिवसांत आमच्या घरीं कामाच्या बाईंना चहासाठीं एक पेला वेगळा काढून दाराशीं ठेविला होता. तेव्हां त्याला कारण होतें. साथ सरली, दुधाच्या पिशव्या धुणें बंद झालें, नाण्यांची धास्ती गेली. पेला मात्र वेगळाच राहिला, आणि त्याबद्दल घरांत कोणी चकार शब्द काढला नाहीं. पुढें एका वर्षीं ‘स्मृतिचित्रें’ वर्गांत शिकवितांना सोवळ्याचें तें प्रकरण आलें आणि मुलें हंसूं लागलीं. आमच्यानें पुढें वाचवेना. त्या सायंकाळीं तो पेला विसळून आम्हीं इतर पेल्यांच्या रांगेंत ठेविला. दुसऱ्या दिवशीं बाईंना चहा कोणत्या पेल्यांत दिला, हें आतां आम्हांस आठवत नाहीं.